साठच्या खालचं बोट

१६ जानेवारी

प्रिय ढब्बू,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि चिमणी ठणठणीत असाल. इकडे थंडी बेताची आहे, माझा गुडघा त्याच्या मर्जीनं दुखतो, आणि रक्तदाब हे पत्र लिहायला बसेपर्यंत ठीक होता.

फोन न करता पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू "बरं ताई" म्हणतोस. बोलायला लागल्यापासून तू मला "बरं ताई" म्हणत आला आहेस आणि त्यातलं काहीही बरं झालेलं मी पाहिलेलं नाही. शिवाय तुझा कागदावर फार विश्वास. कुणी कागद पुढे सरकवला की तुझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. म्हणून कागदच पाठवते. मात्र यावर सही करू नकोस. हा वाचायचा आहे.

काल बाबांच्या निवासातून किल्लीबाईंचा फोन आला. त्यांचा हुद्दा व्यवस्थापिकेचा आहे हे मला माहीत आहे, पण ज्या बाईच्या आधी तिच्या कमरेच्या किल्ल्यांचा आवाज खोलीत शिरतो, तिला मी दुसरं काय म्हणू? त्या म्हणाल्या, "तुमच्या बंधूंची सही मिळाली. एक तारखेपासून वडिलांना तिसऱ्या मजल्यावर हलवतोय."

तिसरा मजला! ढब्बू, तू तिथे कधी गेला आहेस का? मी एकदा गेले आहे. जिन्याच्या तोंडाशी दार आहे आणि ते आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही. आकडे फक्त कामावरच्या माणसांना माहीत. खिडक्या वीतभर उघडतात. पेन्सिल, सुई, आरसा, काहीही जवळ ठेवू देत नाहीत. बाबांची पेन्सिल तर त्यांनी आतापासूनच काढून घेतली आहे, सराव म्हणून. ज्या माणसानं चाळीस वर्षं चष्म्याच्या काचा घासल्या, केसाएवढा फरक नुसत्या नजरेनं सांगितला, त्याला आता टोक असलेली वस्तू हाताळायची अक्कल नाही, असं तू लिहून दिलंस. तेही, मला खात्री आहे, "बरं बाई" असं म्हणून.

कारण काय, तर भ्रम. तीन आठवड्यांत अकरा वेळा त्यांनी तक्रार केली की मी घंटा दाबतो आणि कुणी येत नाही. दोनदा दुपारी अंथरूण ओलं झालं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला बिछान्यातून उठवायला माणूस लागतो, माणूस घंटेनं येतो, घंटा वाजली नाही तर दुसरं काय होणार? पण पॅनेलच्या नोंदीत एकदाही घंटा दाबल्याचं दिसत नाही. म्हणजे घंटा दाबलीच नाही. म्हणजे म्हातारा भ्रमिष्ट. तीन वाक्यांत माणूस संपला.

तू म्हणशील, ताई, पॅनेल तर तुमच्याच कंपनीचं. आहेच. आमच्याच मालकानं ते चौतीस खोल्यांत बसवलं, आणि मीच तुला म्हटलं होतं की बाबांना तिथेच ठेवू, आपली वस्तू आहे, काळजी नाही. बिछान्याशेजारी दांड्यावर बसवलेली ती हाताएवढी काच तू पाहिली आहेस. चार चौकोन: घंटा, दिवा, डोकं वर, डोकं खाली. बोट टेकवलं की काम होतं. त्या काचेला बोट कळावं एवढंच माझं काम आणि ते मी बावीस वर्षं करते आहे. पॅनेलमध्ये खोट नाही. खोट माणसांत आहे. दुपारच्या पाळीला कुणी जागेवर नसणार, घंटा वाजून वाजून दमत असणार, आणि मग नोंदी पुसत असणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

किल्लीबाईंनी नोंदींबद्दल मलाही विचारलं होतं. मी त्यांना काय सांगितलं हा मुद्दा इथे नाही.

मुद्दा हा की तू सही केलीस. मला न विचारता. बाबांना न विचारता. त्यांच्या समोर बसून केलीस की दाराबाहेर, तेवढं तरी कळव.

मी सोमवारी तिकडे जाते आहे.

चिमणीला पापा. तुला काही नाही.

ताई

*

२३ जानेवारी

ढब्बू,

आशीर्वाद गृहीत धर.

जाऊन आले. दोन दिवस होते. तुझ्या घरी आले नाही कारण आले असते तर हातात जे सापडलं असतं ते फेकलं असतं, आणि तुझ्या बायकोच्या कपबश्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

बाबा खिडकीशी बसले होते. मला पाहून पहिलं वाक्य, "भिंगरी, तुझ्या चष्म्याची डावी काच सैल आहे." मी म्हटलं, "कसे आहात?" तर म्हणाले, "वेडा आहे म्हणतात. तू काय म्हणतेस?" मी लॅपटॉप काढायच्या निमित्तानं पिशवीत डोकं घातलं.

मग मी म्हटलं, "बाबा, घंटा दाबून दाखवा."

त्यांनी दाबली. अगदी नीट, चौकोनाच्या मधोमध, काच पुसून. काही नाही. पुन्हा. काही नाही. तिसऱ्यांदा बोट बदललं. चौथ्यांदा हात बदलला. काच थंड, दिवा शांत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही, ढब्बू. आपलं म्हणणं खरं ठरतंय याचा आनंद व्हायला पाहिजे होता ना माणसाला? ते खाली बघत होते, जणू मी त्यांची चोरी पकडली आहे.

मग मी दाबली. घणघण वाजली आणि मिनिटाच्या आत परिचारिका धावत आली. "काय झालं, काका?" चांगली मुलगी आहे. दमलेली आहे, पण कामचुकार नाही. मागच्या पत्रात मी दुपारच्या पाळीला जे बोलले ते मागे घेते. त्या मुलीनं सांगितलं, "ताई, तुमचे भाऊ आले होते तेव्हा त्यांनीही दाबून बघितली, लगेच वाजली. मग ते काकांना म्हणाले, बघा, चालतंय."

बघा, चालतंय! अरे गाढवा, तुझ्या बोटानं चालतंय! तुझं बोट म्हणजे सकाळ-संध्याकाळ मलम चोळलेलं, फायली चाळणारं, लोण्याचं बोट. तू त्यांच्यासमोर स्वतःचं बोट टेकवलंस, यंत्राचा जयजयकार केलास आणि निघालास. एकदा, फक्त एकदा, त्यांचा हात धरून त्यांचं बोट टेकवून पाहायचं सुचलं नाही? पाचही बोटं सारखी नसतात हे पहिलीतल्या पोरालाही सांगावं लागत नाही.

आता नीट वाच, कारण हे तुला समजलं पाहिजे. काचेखाली एक बारीक जाळी असते. बोट जवळ आलं की त्या जाळीत थोडा बदल होतो आणि यंत्र त्याला एक आकडा देतं. आकडा ठरावीक हद्दीच्या वर गेला तर ते बोट. खाली राहिला तर ते काहीच नाही. वारा, धूळ, माशी. जे "काहीच नाही" त्याची नोंदही होत नाही. म्हणजे नोंदीत घंटा नाही याचा अर्थ घंटा दाबली नाही असा होत नाही. यंत्राच्या दृष्टीनं तिथे माणूसच नव्हता, एवढाच होतो.

मी लॅपटॉप जोडला आणि आकडे मोजले. त्या परिचारिकेचं बोट एकशे सव्वीस. माझं एकशे बारा. बाबांचं अडतीस. पुन्हा मोजलं, एकेचाळीस. हात कोमट पाण्यात बुडवून, पुसून मोजलं, चव्वेचाळीस. हद्द किती? साठ.

बोटांची टोकं पाहिली आहेस त्यांची? मी पाहिली. म्हणजे लहानपणापासून पाहत होते, पण परवा पहिल्यांदा बघितली. रेषा नाहीत. घासायच्या भुकटीनं काचेबरोबर ती पण घासली गेली. गुळगुळीत, कोरडी, घट्ट, खडूसारखी. चाळीस वर्षं काचेला हात लावणाऱ्या माणसाला काच म्हणते, तुम्ही कोण?

म्हटलं, सोपं आहे. हद्द साठची तीस केली. बाबांनी दाबलं, घंटा वाजली. मुलगी आली. बाबा म्हणाले, "काही नको गं, आपलं बघत होतो," आणि हसले. त्यांचं ते हसू पाच मिनिटं टिकलं. कारण सहाव्या मिनिटाला कुणी हात न लावता दिवा गेला, आला, गेला, आणि बिछान्याची डोक्याकडची बाजू बाबांना घेऊन आपोआप वर निघाली. बाबा बसल्या जागी जहाजासारखे वर चालले आणि मला विचारतात, "हे मी करतोय की तू?"

हे सगळं अडॅप्टर करत होता. भिंतीत खोचलेला तो काळा ठोकळा. मालकानं स्वस्तातला घेतलाय. त्यातून येणारी वीज इतकी गढूळ की काचेला ती बोटासारखी वाटते; आकडा कधी तीस, कधी पन्नास. अडॅप्टर बदलणं हा खरा उपाय होता. त्याऐवजी कुणीतरी हद्द तीसची साठ केली. भुतांची बोटं बंद झाली. त्यांच्याबरोबर बाबांचंही. आणि चाचणी कुणाच्या बोटांनी केली? ऑफिसातल्या पाच जणांच्या, सगळे तिशीच्या आतले, आयुष्यात लेखणीपेक्षा जड काही न उचललेले. कुणीतरी एक आकडा बदलला, मिनिटभराचं काम, आणि चहा प्यायला गेलं. संताप येतो अशा माणसांचा.

मग त्या दिवसापुरता उपाय काय? माझ्या पिशवीत साधा वायरचा माउस होता. पॅनेलच्या मागे दुरुस्तीसाठी एक खाच असते, तिथे जोडला. माउस चालला तर हद्दीची भानगडच नाही. कळ खरीखुरी दाबली जाते, बोट कसंही असो. पण विकायच्या पॅनेलमधून माउसची सोय काढून टाकलेली होती, प्रोग्रॅम हलका करायला म्हणून. ती परत घालण्यात माझी सकाळ गेली. माउस लागला तर पडद्यावर बाणच दिसेना, कारण बाणाचं चित्र कुणी दिलेलंच नव्हतं. ते दिलं. बाण आला. बाबांनी माउस उजवीकडे सरकवला, बाण वर गेला. वर सरकवला, बाण डावीकडे.

"हा पिऊन आलाय," बाबा म्हणाले.

"थांबा, बघते काय झालंय."

"बघायचं काय त्यात? काच आडवी बनवलेली, तुम्ही उभी करून बसवलीत. बोटाचा हिशेब फिरवलात, ह्याचा फिरवायचा राहिला. अक्ष नव्वद अंशांनी चुकलाय. गिऱ्हाईक असंच डोकं वाकडं करून बघायचं, मी न तपासता सांगायचो."

ढब्बू, मी तपासलं. अगदी तेच चुकलं होतं. आमच्या ऑफिसात हे शोधायला दोन इंजिनिअर आणि एक बैठक लागली असती. आणि हा माणूस एक तारखेला आकड्यांच्या दाराआड जाणार, कारण त्याला भ्रम आहे.

मी अक्ष फिरवला. बाबांनी बाण घंटेवर नेला आणि कळ दाबली. टक. घंटा वाजली. "हं," म्हणाले, "आवाज झाला की माणसाला पटतं."

किल्लीबाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तोंडी नको, फाइलमध्ये कागद आहे, कागदाला कागद लागतो. तुझीच बहीण शोभतात. तेव्हा उठ, जा आणि सही मागे घे. आज. हे पत्र हातात असताना.

ताई

*

२९ जानेवारी

ढब्बू,

तुझं पत्र मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा तू मला पत्र लिहिलंस आणि तेही तीन ओळींचं. पाठ झालं आहे, तरी उतरवते:

"ताई, सही मागे घेतली. किल्लीबाई म्हणतात, तेवढ्यानं होत नाही. त्यांनी मला फाइलमधली तुझी ईमेल दाखवली. आणि ते 'कुणीतरी' कोण, ते लिहायचं राहिलं."

रागावलाही नाहीस. एखादी शिवी तरी घालायचीस. मी दोन पत्रं भरून तुला गाढव म्हटलं आणि तू बसमध्ये बसून मुकाट्यानं जाऊन सही खोडून आलास. असल्या माणसाशी भांडायचं कसं?

तर, कुणीतरी म्हणजे मी.

तीसचे साठ मी केले. चार वर्षांपूर्वी. अडॅप्टर गढूळ आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "अडॅप्टर बदलायचा विषय नको, तुमच्या बाजूनं काही होतं का बघा." आता माझ्या बाजूनं काय होणार? आकडा होता. तो बदलला. चाचणीचा कागद माझ्यापुढे आला. पाच तरण्या बोटांची पाच नावं होती त्यावर. मी सही केली. वाचून केली. तुझ्यापेक्षा वाईट.

आणि ईमेल. तू वाचली आहेस, तरी ऐक, कारण ती कशी लिहिली गेली हे तिच्यात नाही. दहा जानेवारीला दुपारी बाबांचा फोन आला. "भिंगरी, घंटा दाबतो, वाजत नाही गं." मी बैठकीत जायच्या घाईत होते. मी हसले. म्हटलं, "बाबा, काच आहे ती, कुरवाळत बसू नका, नीट टेकवा बोट." ते म्हणाले, "नीटच टेकवतो." मी म्हटलं, "मग दाबायचं विसरत असाल." हे मी म्हटलं. त्या निवासात कुणी "विसरता" हा शब्द काढायच्या आधी तो मी काढला. ते म्हणाले, "असेल." आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी किल्लीबाईंनी विचारलं. मी ऑफिसातून नोंदी उघडल्या आणि दोन ओळी लिहिल्या: "नोंदी तपासल्या. घंटेचा वापर झालेला नाही. पॅनेल निर्दोष आहे." खाली माझं नाव, माझा हुद्दा. मुलगी म्हणून लिहिलं नाही, जाणकार म्हणून लिहिलं. म्हणून तर त्या कागदापुढे तुझ्या खोडलेल्या सहीची किंमत शून्य. तू सही का केलीस हे मला आता विचारायची गरज नाही. ताई म्हणते पॅनेल निर्दोष आहे, मग ताई बरोबर असणार. "बरं ताई."

अजून एक आहे. ते मी स्वतःलाही या आठवड्यात पहिल्यांदा सांगितलं. ती ईमेल पाठवायच्या आधी, पाठवायच्या खुणेवर बोट असताना, मला साठ आठवला होता. आणि साठच्या पाठोपाठ बाबांची बोटं. पुसटशी, पण आठवली. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका निवासाला दोनशे चाळीस पॅनेल जायची होती. मी स्वतःला म्हटलं, नंतर बघू. आणि पाठवली. तुझं कुसळ शोधायला मी दोन पत्रं लिहिली, ती या मुसळावर उभी राहून.

आता काय केलं ते सांगते, कारण नुसत्या कबुलीनं तिसऱ्या मजल्याचं दार उघडत नाही.

किल्लीबाईंना सोमवारी लेखी दिलं. आकड्यांसकट: बाबांचं बोट किती, हद्द किती, ती कुणी आणि का वाढवली, आणि नोंदीत नसणं म्हणजे घंटा न दाबणं नव्हे. माझी आधीची ईमेल चुकीची होती असंही लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग विचारलं, "ही तुमचीच चूक आहे असं तुम्ही लिहिलंय. समजून लिहिलंय ना?" मी म्हटलं, "हो." त्यांनी शिक्का मारला. बाबा आहेत तिथेच राहतील.

मला वाटलं, संपलं. जिना उतरू लागले तेवढ्यात त्यांनी मागून हाक मारली. किल्ल्यांचा आवाज न करता आल्या होत्या, जुडगा मुठीत धरून. म्हणाल्या, "वर चौघं आहेत. त्यांच्याही फाइलींत हेच आहे. घंटा नाही, म्हणून."

मी लॅपटॉप घेऊन वर गेले. एक बाई, आयुष्यभर शिवणकाम केलेली: चाळीस. एक गवंडी: बत्तीस, त्याच्या हाताला काचच काय, वीटही ओळखणार नाही इतका तो सिमेंटचा झालाय. एक भांडी घासणारी: तेहतीस. चौथे हेडमास्तर, एकशे तीस. हेडमास्तर खरंच विसरतात. मला त्यांनी तीनदा कुठल्या इयत्तेत आहेस म्हणून विचारलं. पण बोट काय सुरेख लागतं! ते घंटा दाबायचीच विसरतात; दाबली तर नोंद होणारच. शिवणवाली मात्र नोव्हेंबरपासून वर आहे. ती मला म्हणाली, "मी सांगत होते. मग मीच म्हटलं, एवढी शिकलेली माणसं म्हणतात तर नसेन दाबत." तिनंही तेच म्हटलं बघ. असेल.

त्या तिघांसाठी तीन पत्रं दिली. त्यांच्या घरचे काय करतात बघू, एकाचा मुलगा फोनवर म्हणाला, "बरं मॅडम." ओळखीचा आवाज वाटला.

तेच पत्र मालकालाही दिलं. अडॅप्टर बदला, हद्द खाली आणा, गेलेली पॅनेल परत बोलवा. तो वाचून म्हणाला, "इतकं नाटक कशाला? 'वापरणाऱ्याच्या बोटातील त्रुटी' असं लिहू ना." मी त्याला बाबांच्या हाताची गोष्ट सांगितली नाही. सांगायच्या लायकीचा नाही तो. मी म्हटलं, "त्रुटी साठची आहे आणि साठ माझा आहे." तो म्हणाला, उद्यापासून येऊ नका, आणि माझा दाराचा पास मागून घेतला. बावीस वर्षांनी कळलं, तिथलं दारसुद्धा त्याच्या मर्जीतल्यांनाच उघडतं. तो राग अजून माझ्यात आहे आणि राहू दे. दोनशे चाळीस पॅनेल अजून त्याच्या गोदामात आहेत, आणि ती कुठे चालली आहेत तो पत्ता मला पाठ आहे. त्यांना मी आज वेगळं पत्र टाकलं.

बाबांना सांगितलं. ते सगळ्यात शेवटी केलं, भित्री आहे मी. ते माउसनं दिवा लावत-विझवत बसले होते. मी म्हटलं, "बाबा, तो आकडा मी घातला होता."

"किती?"

"साठ. तीस पाहिजे होता."

"नंबर चुकला म्हणजे." त्यांनी दिवा विझवला. "चुकतो. माझाही चुकला आहे. गिऱ्हाईक काच घेऊन परत यायचं, मी घासून द्यायचो. मुद्दाम नाही ना घातलास?"

"नाही."

"मग झालं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "पण त्या दिवशी तू हसली होतीस."

मी म्हटलं, "हो."

त्यावर ते "झालं" म्हणाले नाहीत, ढब्बू. मी वाट पाहिली. दिवा दोनदा लागला, दोनदा विझला. मग त्यांनी हात पुढे केला, मी चष्मा काढून दिला, आणि डावी काच घट्ट करून त्यांनी तो परत दिला. पेन्सिल परत मिळाली आहे त्यांना. निघताना पाहिलं तर वर्तमानपत्राच्या कडेला लिहीत होते: तीन वाजून दहा, दाबली. तीन अकरा, आली.

पुढच्या रविवारी तू जा. त्यांच्या हाताला हात लावून बघ. आणि चिमणीला ने. तिलाही बघू दे, बोट कसं असतं ते.

मागच्या पत्रात तुला गाढव म्हटलं ते मागे घेत नाही. फक्त ते तुझ्या एकट्याचं होतं, ते आता दोघांत वाटून घेऊ.

जिच्या शब्दावर तू सही केलीस ती,
तुझी ताई